विटा ते कोलकाता: तिकिटावरचे अडीच तास नक्की कुठून कुठपर्यंत?

खानापुरी_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण आमच्या घरात त्यावरून आठ दिवस वाद चाललाय, म्हणून इथं विचारते.

माझे सासरे, आण्णा, वय ७३. धाकट्या दिरांचं कोलकात्यात बऊबाजारला गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, दुकान आहे. त्यांना मुलगा झालाय. सव्वा महिन्यानं, डिसेंबरच्या मध्यावर बारसं आहे आणि आण्णांनी जायचं ठरवलंय. सोबत माझे मिस्टर असतील. मी शाळेमुळं इथंच.

आण्णांनी स्वतः कोइमतूरला २४ वर्षं गलाई केली. १९७४ ला पहिल्यांदा गेले तेव्हा विट्याहून एसटीनं मिरज, मिरजेहून छोट्या रुळाच्या गाडीनं बंगळूर, तिथं मोठी गाडी. माणूस प्रवास तासांत मोजतच नाही, रात्रींत मोजतो. 'कोइमतूर दोन रात्री' असं. विमानात अजून एकदाही बसलेले नाहीत.

आता घोळ असा. पुणे-कोलकाता विमानाचं अंतर नेटवर बघितलं तर एका ठिकाणी १,५७७, दुसरीकडं ९८०, तिसरीकडं ८५१. वेळ बघितला तर एक साइट म्हणते १ तास ५८ मिनिटं, दुसरी २ तास २८ मिनिटं. आणि मिस्टरांनी काढलेल्या तिकिटावर जाताना १२.०५ ते १४.४०, म्हणजे २ तास ३५ मिनिटं. येताना १५.२० ते १८.२०, पूर्ण तीन तास! रस्ता तोच, विमान त्याच जातीचं. मग येताना पंचवीस मिनिटं जास्त कशाची? आण्णांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "आगं, येताना चढ आसंल."

हसू नका. मलाही उत्तर देता आलं नाही.

त्यांचा खरा प्रश्न वेगळाच आहे. "कोलकात्याला अडीच तास आन् इट्यासनं पुण्याला साडेचार? ह्यातलं कायतरी एक खोटं हाय." आणि खरं सांगायचं तर मला अडचण तिथंच आहे. घरातून कधी निघायचं ते ठरवायचंय. गेल्या वर्षी माझ्या भावाचं दिल्लीचं विमान चुकलं. मोबाइलनं सांगितलेल्या वेळेवर भरवसा ठेवून निघाला, पुण्यात नवले पुलावर पाऊण तास अडकला, विमान सुटायला चाळीस मिनिटं असताना काउंटरवर पोचला. विमान समोर काचेतून दिसत होतं म्हणे. बॅग घेतली नाही ती नाहीच.

शिवाय शेजारचे म्हणतात पुण्याला कशाला जाता, कोल्हापूर जवळ आहे. तिकीट आता निघालंय, पण पुढच्या वेळेसाठी तेही सांगा.

वाळव्याचा_पाहुणा

वहिनी, आण्णांना आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये बसवा. पुण्यातून संध्याकाळी बसलं की तिसऱ्या दिवशी पहाटे हावडा. दोन रात्री! त्यांच्या हिशेबात फिट्ट बसतं, खिडकीतून अख्खा विदर्भ आणि छत्तीसगडही दिसतं.

नाहीतर थोडं थांबा. सांगलीजवळ कवलापूरला विमान उतरायला लागलं की विट्याहून तासाभरात धावपट्टीवर. मी शाळेत होतो तेव्हापासून थांबलोय, आता माझा मुलगा शाळेत आहे.

तासगावकर_७०

ताई, मी विमानतळावर ३१ वर्षं काढली, पण आकाशात नव्हे, जमिनीवर. विमानात किती वजन, कुठल्या कप्प्यात किती, तोल कुठं जातो, याचा कागद पायलटच्या हातात देण्याचं काम. त्यामुळं 'किती वेळ लागतो' हा प्रश्न रोज ऐकलाय. दरवेळी मी उलट विचारायचो: कशापासून कशापर्यंत?

आधी अंतराचं. तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकच आहेत. १,५७७ किलोमीटर, ९८० मैल, ८५१ सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाले आणि जहाजवाले तोच वापरतात, कारण अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग साधारण तेवढा भरतो. साइटवाले आकडा टाकतात आणि एकक कोपऱ्यात बारीक लिहितात.

हे अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर लोहगावला (पुण्याचा विमानतळ) एक टाचणी, दमदमला (कोलकात्याचा) एक टाचणी आणि मध्ये ताणलेला दोरा. विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. उडाल्यावर ठरलेल्या वाटेनं बाहेर पडायचं, मधले ठरलेले बिंदू धरायचे, उतरताना रांगेत लागायचं. या सगळ्यात पन्नास-शंभर किलोमीटर सहज वाढतात. मी पुढं १,६५० धरतो.

आता वेळ. १ तास ५८ मिनिटं कुठून आले ते सांगू? अशा बऱ्याच साइट विमानाचा वेग सरसकट ताशी ५०० मैल धरतात. ९८० भागिले ५००, आले १ तास ५८ मिनिटं. दुसरीनं त्यात उड्डाण-उतरणीचा ठोकळ अर्धा तास मिळवला, झाले २ तास २८ मिनिटं. करून बघा. दोन्ही ठिकाणी विमानाचा संबंध नाही, नुसता भागाकार आहे.

तिकिटावरचा वेळ हा तिसराच प्रकार. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणायचो. चाकांमागचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं तिथून, ते पलीकडं जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत. म्हणजे ट्रॅक्टरनं मागं ढकलणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची आहे, एकच आहे, नागरी विमानं तिथं पाहुणी. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की थांबावं लागतं. (आण्णांना सांगा, तिथं फोटो काढायला बंदी आहे. नातवाला दाखवायला म्हणून मोबाइल काढतील.) आणखी एक बारीक गोष्ट: पुण्याची पट्टी पूर्व-पश्चिम आहे. वारा पश्चिमेचा असला तर विमान पश्चिमेला तोंड करून उडतं, म्हणजे आधी कोलकात्याकडं पाठ, मग वळसा. दमदमच्या पट्ट्या दक्षिणोत्तर. तिथं पश्चिमेकडून येणाऱ्याला वळून सरळ व्हावं लागतं. पाच-दहा मिनिटं अशीच जातात.

राहिला आण्णांचा 'चढ'. तुम्ही हसू नका म्हणालात, मी हसलो नाही. चढ आहेच, फक्त तो वाऱ्याचा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. पुणे-कोलकाता वाटेला त्याच्या दक्षिणेकडच्या कडेचा धक्का बसतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० धरा आणि वारा ८०. जाताना ९१० नं जाल, १,६५० किलोमीटरला १ तास ४९ मिनिटं. येताना ७५० नं, म्हणजे २ तास १२. फरक २३ मिनिटं. तुमच्या तिकिटावर २५ आहे.

ज्याला कृष्णेत पोहता येतं त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. आण्णा पोहतात का?

पावसाळ्यात उलटं होतं बरं का. जून ते सप्टेंबर दक्षिण भारतावर तेवढ्याच उंचीवर वारा पूर्वेकडून वाहतो. हा पूर्वेचा जेट प्रवाह आपल्याच देशातल्या हवामानशास्त्रज्ञानं, पी. कोटेश्वरम यांनी, १९५० च्या दशकात जगापुढं मांडला. खाली जमिनीवर नैर्ऋत्येचा मान्सून आणि वर बरोबर त्याच्या विरुद्ध वारा. मला अजूनही याचं नवल वाटतं.

शेवटी एक गंमत. काल रात्री कागद घेऊन बसलो आणि विटा गावापासून दमदमपर्यंतचं सरळ अंतर काढलं. १,५७१ किलोमीटर आलं. पुण्याहून १,५७७. म्हणजे तुम्ही साडेचार तास गाडी चालवून पुण्याला पोचलात की कोलकाता जवळ येणं सोडाच, सहा किलोमीटर लांब गेलेलं असतं.

दुष्काळी_पट्टा

फार अवघड करून सांगताय काका. सोपं कारण आहे. पृथ्वी फिरते. विमान वर असताना खाली पृथ्वी सरकते, म्हणून एका बाजूला जायला कमी वेळ लागतो.

तासगावकर_७०

मग हिशेब करूनच बघू. आपल्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडं ताशी सुमारे १,६०० किलोमीटरनं फिरते. विमान त्यातून सुटलं असतं तर कोलकाता त्याच्या दुप्पट वेगानं पुढं पळालं असतं आणि विमानाला ते कधीच सापडलं नसतं. येताना मात्र पुणे स्वतःच चालून आलं असतं, चाळीस मिनिटांत. प्रत्यक्षात येतानाच वेळ जास्त लागतो. हवाही पृथ्वीबरोबर फिरते हो. धावत्या एसटीत माशी उडाली तर मागच्या काचेवर आपटत नाही.

पृथ्वीचं फिरणं वेगळ्या ठिकाणी जाणवतं. विटा आणि कोलकाता यांच्यात जवळपास १४ रेखांश आहेत. एका रेखांशाला सूर्याची चार मिनिटं, म्हणजे ५६ मिनिटं. घड्याळ दोन्हीकडं एकच, पण सूर्य तिकडं जवळपास तासभर आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात मावळण्याच्या फरकात आणखी थोडी भर पडते आणि उगवण्याचा फरक थोडा कमी होतो, कारण ते गाव आपल्यापेक्षा उत्तरेला आहे आणि तिथला हिवाळ्यातला दिवस लहान.

खानापुरी_सून

तासगावकर काका, तुमचं उत्तर मी आण्णांना जेवताना वाचून दाखवलं. पोहतात का म्हणून विचारलंत. नाही, आमच्याकडं पोहण्याएवढं पाणीच कुठं होतं त्यांच्या लहानपणी? येरळा वर्षातून चार महिने. पण वाऱ्याचं पटलं. "सायकलवरनं मायणीला जाताना म्हाईत हाय," म्हणाले.

विट्याच्या १,५७१ वर मात्र घास हातातच राहिला. "मंजी साडेचार तास गाडीत बसून मी जाणार कुठं?" मी म्हटलं, पुण्याला. "आन् लांब जाणार?" हो. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

लेकीनं शाळेतला पृथ्वीगोल आणला. मापाची टेप वाकत नाही म्हणून माझ्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला. विटा गोलावर नाही, म्हणून मुंबईच्या खाली बोटभर अंतरावर पेनानं ठिपका दिला. पुणे ते कोलकाता दोरा ताणला, नखानं धरला, मग ठिपक्यापासून ताणला. नख हललं नाही. आण्णांनी चष्मा लावून दोनदा बघितलं.

रात्री झोपताना मला हाक मारून म्हणाले, "पोरी, दुकानात जुनं सोनं आलं की आम्ही गिऱ्हाइकाला आधी सांगायचो, शंभर ग्रॅम दिलंस म्हणून शंभर परत मिळणार न्हाई, घट धरायची. हितं उलटं हाय. कंपनी अडीच तास सांगती आन् आपुन दहा धरायचं."

मग धरू किती? दहा की अकरा? विमान १२.०५ चं आहे.

आटपाडीकर_बडाबाजार

वहिनी, राम राम. मी १९ वर्षं कोलकात्यात आहे, आपलाच धंदा. वर्षातून दोन-तीनदा ये-जा होते. मला वारं-बिरं कळत नाही, पण उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत किती लागतं ते पाठ आहे.

उलटं मोजत या. १२.०५ ला विमान हलणार. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद. सामान घेणारं काउंटर तासभर आधी बंद, तुमच्या भावाचा घात तिथंच झाला. म्हातारं माणूस, पहिला प्रवास, म्हणजे लोहगावला १० ला पाय टेकलेच पाहिजेत. नवले पुलापासून लोहगाव दीड तास धरा, रविवार असला तरी. विट्याहून कडेगाव, कराड, मग हायवे. तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे तीन टोलनाके, मध्ये खंबाटकीचा बोगदा. चहाला वीस मिनिटं.

आणि एक गोष्ट मोबाइल सांगत नाही: डिसेंबर म्हणजे गळीत हंगाम. कडेगाव ते कराड पहाटे उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ओव्हरटेक करायला जागा नसते आणि अंधारात करूही नये. मी तिथं अर्धा तास जादा धरतो. म्हणजे पावणेपाचला घर सोडा. लवकर पोचलात तर आत बसायला जागा आहे, नवीन टर्मिनल मोठं झालंय.

तिकडं उतरल्यावर पट्ट्यावरून सामान यायला अर्धा तास. दमदमला आता मेट्रो आली आहे, नोआपाड्याला बदलून शहरात जाता येतं, पण बॅगा आणि आण्णा घेऊन तो उपद्व्याप नको. टॅक्सी करा. बऊबाजारला दुपारी पाऊण तास, संध्याकाळ झाली तर देवाक काळजी.

कोल्हापूरचं विचारलंत. उजळाईवाडीहून थेट कोलकाता नाही. हैदराबाद किंवा बंगळूरला बदलावं लागतं. मी हैदराबादवरून एकदा गेलोय. अंतर म्हणाल तर दोन्ही टप्पे मिळून १,६५० च्या आसपास, पुण्यापेक्षा फार तर पाऊणशे किलोमीटर जास्त. पण पहिला टप्पा पंख्याच्या विमानाचा, ते ताशी पाचशेनं जातं, आणि हैदराबादेत मला चार तास बसावं लागलं. विट्याहून कोल्हापूर दोन-अडीच तास, म्हणजे रस्त्यावरचे दोन तास वाचले ते खुर्चीवर बसून गेले. बोचकी घेऊन पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा ते बरं, असं माझ्या बायकोचं मत. माझं नाही. वेळापत्रकं बदलत असतात, तेव्हा पुढच्या वेळी ताजं बघा.

सामानाचं ध्यानात ठेवा. बारशाला जाताय म्हणजे सुकं खोबरं नेणार. नेऊ नका! खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, ना हातात ना मोठ्या बॅगेत. तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं. माझ्या आईच्या पाच किलो वाट्या पुण्यात टेबलावर राहिल्या, तिनं त्या दिवशी जेवण घेतलं नाही. शेंगदाण्याची चटणी, लाडू, बाजरीचं पीठ खुशाल न्या, पण मोठ्या बॅगेत. आण्णा पान खातात का? अडकित्ता खिशात नको, तोही मोठ्या बॅगेत. काडेपेटी घरीच.

व्हीलचेअर तिकिटावर आत्ताच नोंदवून ठेवा. पैसे पडत नाहीत. आण्णा नको म्हणतील, तरी नोंदवा. टर्मिनलच्या दारापासून विमानापर्यंत चालायला किती आहे ते बघितलं की बसतात.

तुमचं विमान दुपारचं आहे ते चांगलं झालं. डिसेंबर-जानेवारीत दमदमला पहाटे धुकं असतं. सकाळची विमानं कधी कधी आकाशात घिरट्या घालत बसतात, नाहीतर दुसरीकडं जाऊन उतरतात. तेव्हा तुमचे काका म्हणतात तो सगळा हिशेब धुक्यात.

वाळव्याचा_पाहुणा

आटपाडीकर, एवढं सांगितलंत तर पावणेपाचला निघताना चहा कुठं प्यायचा तेही सांगा.

आटपाडीकर_बडाबाजार

आनेवाडी टोलनाका ओलांडून पुढं. नाव सांगत नाही, तिथं आधीच गर्दी असते.

खानापुरी_सून

मंडळी, आण्णा पोचले. काल. उशीर झाला लिहायला, पण सगळे आकडे घेऊन आलेय.

आकडे माझे नाहीत, आण्णांचे आहेत. त्यांच्याकडं कोइमतूरला असताना घेतलेलं एचएमटीचं चावीचं घड्याळ आहे. मोबाइल बंद करायला लावतात म्हटल्यावर त्यांनी ते मुद्दाम दोन दिवस आधी चावी देऊन आकाशवाणीच्या बातम्यांना लावून घेतलं. बोर्डिंग पासच्या मागं पेन्सिलीनं लिहीत गेले. मिस्टरांनी त्याचा फोटो पाठवला. दुकानाच्या वहीत लिहायचे तसंच लिहिलंय, डावीकडं बाब, उजवीकडं वेळ.

घर ४.४५. कराड ६.०५. (उसाच्या ट्रॉल्या, आटपाडीकर, तुमच्या तोंडात साखर पडो. कडेगावच्या पुढं एक ट्रॉली कलंडली होती.) चहा ७.२०. लोहगाव ९.५०. त्याखाली 'बॅग दिली' १०.२५. मग बराच वेळ काही नाही, फक्त 'खुर्ची – बसलो' एवढंच. व्हीलचेअर नको म्हणाले होते, तर हे असं.

'हाललं' १२.११. 'चाकं उठली' १२.२७. हे जरा वाकडं लिहिलंय. 'चाकं टेकली' १४.२६. 'थांबलं' १४.३८. बऊबाजार १६.१५.

मी ताबडतोब वजाबाकी केली. हवेत १ तास ५९ मिनिटं. तासगावकर काका, म्हणजे ती पहिली साइट, जी नुसता भागाकार करते म्हणालात, ती एका मिनिटानं चुकली! जागेपासून जागेपर्यंत २ तास २७, म्हणजे दुसरीही एका मिनिटानं चुकली. आणि तिकिटाच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पोचले. हे कसं काय ते तुम्हीच सांगा. घर ते घर, साडेअकरा तास. आण्णांनी दहा म्हटले होते, मी अकरा धरले होते.

तासगावकर_७०

वा! आण्णांना माझा नमस्कार सांगा. असा कागद लिहिणारा माणूस माझ्या हाताखाली असता तर बरं झालं असतं.

भागाकार जुळला तो योगायोग. वाऱ्यानं मिनिटं वाचवली, चढणं-उतरणं आणि वळसे यांनी ती खाल्ली, दोन्ही समान निघालं. येताना तोच भागाकार सपशेल हरेल, पैज. आणि सहा मिनिटं उशिरा सुटून दोन मिनिटं आधी पोचलं, कारण कंपन्या वेळापत्रकात थोडी जागा मुद्दाम सोडतात. तुमच्या आण्णांसारखीच, घट धरून.

खानापुरी_सून

येतानाचेही आकडे टाकते. तिकीट २८ तारखेचं आहे.

एक सांगायचं राहिलं. काल सव्वापाचला आण्णांचा फोन आला. मी गच्चीवर शेंगा गोळा करत होते, वाळत घातल्या होत्या. पलीकडून शंखाचा आवाज येत होता, कुणीतरी सांजेची पूजा करत असणार. आण्णा म्हणाले, "दिवं लागलं हितं. पोरगं निजलंय. तुमचं जेवान झालं का?"

मी म्हटलं, आण्णा, सव्वापाच वाजलेत. ऊन आहे अजून, शेंगांना चटका लागतोय.

"व्हय का," म्हणाले. मग थोडं थांबून, "मास्तर म्हणत व्हते ते." काकांना ते मास्तर म्हणतात. फोन ठेवायच्या आधी मिस्टरांना ओरडून सांगत होते ते मला ऐकू आलं, तो चिठोरा फेकू नगंस, मागली बाजू अजून अर्धी कोरी हाय.